जिथे पुढची तारीख मिळत नाही

तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारा माणूस निवडणुकीला उभा राहतो, तेव्हा सगळ्यात आधी त्याची सवयच आड येते. कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) तयार नसेल तर मुदतीचा अर्ज, साक्षीदार आला नाही तर पुरसीस (कोर्टाला लेखी कळवणे), हुकूम विरुद्ध गेला तर जिल्ह्याला अपील. वर्षानुवर्षे असे काम केले की कोणतीही चूक पुढे दुरुस्त करता येते असे अंगवळणी पडते. निवडणुकीत तसे होत नाही. २०२४ च्या विधानसभेला आमच्या बारमधल्या (वकील संघातल्या) वकील-उमेदवारांचे अर्ज, खर्चाचा हिशेब आणि मतमोजणी हे काम आम्ही काही जणांनी वाटून घेतले होते. त्या कामाचा क्रम आणि त्यात अडकवणाऱ्या जागा पुढच्या वकिलाच्या हाताशी असाव्यात म्हणून हे लिहीत आहोत.

ही वाट महाराष्ट्रात जुनी आहे. वसंतराव नाईकांनी नागपूरला कायद्याची पदवी घेतली आणि पुसदला वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते तिथले नगराध्यक्ष झाले आणि १९६३ मध्ये मुख्यमंत्री. मधली सतरा वर्षे सहज नजरेआड होतात. यशवंतराव चव्हाण १९४१ मध्ये एलएल.बी. होऊन कराडला वकिलीला बसले आणि १९४६ मध्ये निवडून आले. विलासराव देशमुख कायदा शिकून परतले आणि आधी बाभळगावचे सरपंच झाले. तिघांचाही पाया गावात होता.

आजही वकील लोकांना माहीत होतो तो भाषणांमुळे कमी आणि तहसील कचेरीतल्या कामामुळे जास्त. शेतरस्ता अडवला की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज. नवा रस्ता बांधावरून हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. फेरफाराचे अपील, सरपंचावरचा अविश्वास, ग्रामपंचायत निवडणुकीच्या निकालाला दिवाणी न्यायाधीशापुढे आव्हान, सोसायटीच्या वसुलीचा दाखला. या कामांतून वकिलाला गावोगावचे गट, भावकी आणि बांध पाठ होतात. पण त्याच कामातून तोटाही होतो. वाटणीच्या दाव्यात एका भावाचे वकीलपत्र घेतले की दुसऱ्या भावाचे घर दुरावते, आणि निशाणी ५ वरचा, म्हणजे दाव्याच्या निकालाआधीचा, मनाई हुकूम मिळवून दिला की समोरची अख्खी भावकी तो लक्षात ठेवते. आमचे मत असे की उभे राहायचे मनात असेल तर चार-पाच वर्षे आधीपासून दावे तडजोडीकडे न्यावेत. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्यातून दोन्ही पक्षकार नमस्कार करून जातात. फी कमी मिळते, हेही खरे.

उमेदवारी ठरण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: आपण सरकारचे कोणते काम घेतले आहे का. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ प्रमाणे लाभाचे पद असेल तर माणूस अपात्र ठरतो. वकिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. महादेव विरुद्ध शांतीभाई (१९६९) या निकालात रेल्वेच्या वकील-पॅनलवर असणे हे लाभाचे पद ठरले. कांता कथुरिया प्रकरणात (१९७०) एका खटल्यापुरते नेमलेले विशेष सरकारी वकीलपद बहुमताने तसे ठरले नाही. फरक आहे तो नेमणूक कायम स्वरूपाच्या पदावर आहे की एका कामापुरती, यात. नगरपरिषद, महामंडळ, बँक अशा ज्या ज्या पॅनलवर नाव असेल त्या प्रत्येकाचे नेमणूकपत्र काढून वाचा. राजीनामा द्यायचा असेल तर तो अर्ज भरण्याआधी द्या, आणि तो मंजूर झाल्याचे पत्र हातात घ्या. नुसती पोच असेल तर छाननीला वाद होतो.

फायलींची सोयही आधीच लावावी. ज्युनिअरला वकीलपत्रावर आधीपासून घेतलेले असेल तर काही करावे लागत नाही. नसेल तर प्रत्येक प्रकरणात ना-हरकत आणि नवे वकीलपत्र लागते, आणि ऐन आचारसंहितेत त्याला वेळ मिळत नाही. चेक न वटल्याची प्रकरणे सर्वांत आधी पाहावीत. नोटिशीचे ३० दिवस, पैसे देण्याचे १५ दिवस, मग तक्रारीचा एक महिना. प्रचाराच्या धावपळीत ही मुदत उलटली तर पक्षकाराचे नुकसान होते आणि त्याला आपणच जबाबदार असतो. प्रचारपत्रकावर ‘अ‍ॅड.’ लावायला हरकत नाही, पण कार्यालयाचा पत्ता आणि कोणती प्रकरणे चालवतो हे छापू नये. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही.

आता अर्ज. २०२४ मध्ये अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, छाननी ३० ला, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत, मतदान २० ला आणि मोजणी २३ नोव्हेंबरला. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतात, आणि रविवारी घेत नाहीत. शेवटचा दिवस नेमका धनत्रयोदशीचा होता. झेरॉक्सची दुकाने गर्दीने भरलेली आणि नोटरी मिळेनात, असे घडले.

विधानसभेचा अर्ज नमुना २ब मध्ये असतो. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. ती रोखीने किंवा कोषागारात चलनाने भरतात. चेक चालत नाही. एका मतदारसंघासाठी चार अर्ज भरता येतात आणि चारही मिळून अनामत एकच. हे चार अर्ज म्हणजे खरा आधार आहे, आणि तो नीट वापरला जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक (नाव सुचवणारा मतदार) एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पक्षाचे ए आणि बी नमुने (अधिकृत उमेदवारीची पत्रे) शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत, मूळ शाईच्या सहीनिशी पोहोचले नाहीत, तर एक सूचक असलेला अर्ज छाननीत बाद होतो. कारण तो माणूस आता पक्षाचा उमेदवार राहिलेला नसतो आणि अपक्ष म्हणून त्याचे सूचक अपुरे असतात. म्हणून एक अर्ज पक्षाचा आणि दुसरा दहा सूचकांचा, असे दोन पहिल्या दिवसापासून तयार ठेवावेत. दहा सूचक त्याच मतदारसंघातले हवेत. आम्ही बारा-तेरा जणांचे यादीभाग आणि अनुक्रमांक काढून ठेवायचो. कारण ‘माझे नाव याच मतदारसंघात आहे’ असे छातीठोक सांगणाऱ्याचे नाव पुनर्रचनेनंतर शेजारी गेलेले निघते.

हीच गोष्ट खुद्द उमेदवाराची. वकील राहतो तालुक्याच्या गावी, आणि नाव असते मूळ गावच्या यादीत. राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार विधानसभेला उभा राहू शकतो. पण नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर त्या यादीची किंवा संबंधित भागाची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा उशिरात उशिरा छाननीच्या वेळी द्यावी लागते. साधी छायांकित प्रत किंवा संकेतस्थळावरून काढलेला कागद चालत नाही. तो अर्ज हमखास बाद.

तिसरी जागा शपथेची. अनुच्छेद १७३ खालची, राज्यघटनेशी निष्ठेची शपथ अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी घ्यावी लागते. छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली शपथ उपयोगाची नाही. पशुपतिनाथ सिंह प्रकरणात (१९६८) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. शेवटच्या दिवशी अर्ज भरून मिरवणूक काढली आणि शपथ राहिली, तर पाच वर्षे गेली. अर्जाची पोच, छाननीची नोटीस आणि शपथेचा दाखला हे तीन कागद मोजूनच कार्यालयाबाहेर पडावे.

नमुना २६ चे शपथपत्र हे सगळ्यात मोठे काम. त्याला किमान चार दिवस द्या. पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्न स्वतःचे, पती किंवा पत्नीचे, अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबितांचे. प्रत्येक बँक खाते, विमा, वाहन, सोने वजनासह. स्थावराला गट नंबर, क्षेत्र, वारसाने की खरेदीने, खरेदीची तारीख आणि किंमत, आजची अंदाजे किंमत. ग्रामीण भागात चूक होते ती सामाईक सातबाऱ्यात. वडील वारले, फेरफार झाला, पाच वारसांची नावे लागली आणि कसणारा भाऊ एकच. उमेदवाराला वाटते जमीन भावाची. कागदावर एक पंचमांश हिस्सा त्याचा असतो आणि तो लिहावाच लागतो. बहिणीने हक्कसोड दिले असेल तर त्याची नोंद झाली का, तेही पाहावे. वकिलांनी आणखी एक लक्षात ठेवावे: ज्या सोसायटीला आपण जामीन राहिलो ते कर्ज थकले असेल तर विरोधक तेच आधी काढतो.

कोणताही रकाना मोकळा ठेवायचा नाही. ‘निरंक’, ‘लागू नाही’ असे प्रत्येक ठिकाणी हाताने किंवा टंकून लिहायचे. आडवी रेघ चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालानंतर निवडणूक अधिकारी आधी रकाने भरण्याची आठवण देतात. ती देऊनही मोकळे राहिले तर अर्ज नाकारता येतो. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरले असेल तर भाडे, वीज, पाणी, दूरध्वनी यांचे थकबाकी नसल्याचे दाखले जोडावे लागतात.

गुन्ह्यांच्या रकान्यात चळवळीतला वकील सापडतो. रास्ता रोको, तहसीलवर मोर्चा, दुष्काळाचे ठिय्या आंदोलन. प्रत्येक वेळी पोलिसांनी जमावबंदी मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली गुन्हा नोंदवलेला असतो आणि पुढे कुणीच चौकशी केलेली नसते. आपल्याला आठवतात ते लिहून भागत नाही. ज्या ज्या ठाण्याच्या हद्दीत आंदोलन केले तिथे लेखी अर्ज देऊन यादी मागवा आणि कोर्टाच्या संगणकात नाव शोधून ताडून पाहा. लपवलेला गुन्हा पुढे निवडणूक याचिकेचा पाया होतो. खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे ती वेगळीच. प्रकरणे प्रलंबित असतील तर नमुना सी-१ मधली जाहिरात वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा द्यावी लागते: माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, मग पाचव्या ते आठव्या दिवसात, आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. तिचा खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरतात. आंदोलनातल्या गुन्ह्यांची आम्हाला लाज वाटत नाही. ते ठळक अक्षरांत छापावेत; गावकऱ्यांना ते कशाबद्दल झाले हे ठाऊक असते.

छाननीला उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक व्यक्ती आत बसू शकते. या चौथ्या जागेवर वकील बसवावा. उमेदवार स्वतः वकील असला तरीही! स्वतःच्या अर्जावर हरकत आली की माणसाचा आवाज चढतो आणि मुद्दा निसटतो. त्याच अधिनियमाचे कलम ३६(४) सोबत ठेवा: किरकोळ दोषासाठी अर्ज नाकारता येत नाही. हरकत गंभीर असेल तर उत्तरासाठी वेळ मागता येतो, तोही फार तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत. अर्ज नाकारलाच तर कारणांसह आदेशाची प्रत लगेच घ्यावी. इथे वकिलाचे मन उच्च न्यायालयाकडे धावते. रिट करू, स्थगिती आणू. ते होत नाही. अनुच्छेद ३२९(ब) आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९५२ चा पोन्नुस्वामी निकाल यांनी ती वाट बंद केली आहे. अर्ज नाकारल्याची दाद निकालानंतर निवडणूक याचिकेतच मागता येते, तोवर निवडणूक होऊन गेलेली असते. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांचे दोन दिवस रिटच्या मसुद्यात गेले. तेवढ्या वेळात ते दुसऱ्या उमेदवाराला पाठिंबा देऊन आपली माणसे एकत्र ठेवू शकले असते. माघारीचेही तसेच. एकदा नमुना ५ वर सही करून दिली की ती परत घेता येत नाही.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि सगळा खर्च त्यातूनच करायचा. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च धरतात, पण आधी छापून ठेवलेले झेंडे नंतर वापरले तर तेही त्यातच. एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत रोखीने १०,००० पेक्षा जास्त देता येत नाहीत. रोजच्या रोज नव्हे, पूर्ण निवडणुकीत. मांडववाला, चहावाला आणि रिक्षावर भोंगा लावणारा चेक घ्यायला तयार नसतात. त्यांची खाती आधीच लिहून घ्यावीत आणि ऑनलाइन पैसे पाठवावेत. नोंदवहीला तीन भाग असतात: पांढरी पाने दैनंदिन खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात तिची तीन वेळा तपासणी होते. खर्च पथकाची स्वतःची छायानोंदवही असते आणि त्यात खुर्ची, मांडव, वडापाव यांचे भाव जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरसूचीने लावलेले असतात. तुम्ही खुर्ची मित्राकडून फुकट आणली तरी हिशेबात दरसूचीचा भाव येतो. फरक निघाला की नोटीस येते, आणि तिला ४८ तासांत उत्तर दिले नाही तर रक्कम तुमच्या नावावर चढते. दररोज रात्री दहाला एक माणूस बिले घेऊन बसला तर हे जमते. आठवड्याचे एकदम लिहायला घेतले की पहिल्याच तपासणीत गाडीचे डिझेल आणि परवानगीतले दिवस जुळत नाहीत.

मोठ्या नेत्याच्या सभेत एक बारकावा असतो. नेता पक्षाचा स्टार प्रचारक असेल तर त्याचा प्रवास पक्षाकडे जातो. पण उमेदवार व्यासपीठावर बसला, किंवा फलकावर त्याचे नाव-चित्र असले, तर सभेचा खर्च त्याच्या वाट्याला येतो. तीन उमेदवार बसले तर तिघांत वाटून. तेव्हा कोण बसणार हे आदल्या दिवशी लेखी ठरवावे. छापील प्रत्येक कागदावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा, ही लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७अ ची अट कार्यकर्ते विसरतात आणि गुन्हा मात्र दाखल होतो.

मतदानाला सकाळी सात वाजता सुरुवात असेल तर मतदान प्रतिनिधी साडेपाचला केंद्रावर हवा. तेव्हा किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. ती मते यंत्रातून पुसली गेली हे डोळ्यांनी पाहूनच सही करावी. संध्याकाळी नमुना १७सी ची (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची) प्रत घेतल्याशिवाय प्रतिनिधीने उठू नये. आमचे बहुतेक प्रतिनिधी पाचला थकतात आणि नेमके हेच राहते. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा आकडा ताडायला तोच कागद लागतो. फेरमोजणी हवी असेल तर बेरीज जाहीर झाल्यावर आणि नमुना २० वर (अंतिम निकालपत्रकावर) सही होण्याच्या आत, कारणे लिहून अर्ज द्यायचा. ही मुदत काही मिनिटांची असते. अर्जाचा मसुदा आधीच खिशात ठेवावा, फक्त फेरी, टेबल आणि आकडा भरायचा बाकी.

निवडून आलेल्याला वकिलीची सनद परत करावी लागत नाही. आमदार-खासदारांना वकिली करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. तरी तालुका कोर्टात, ज्यांच्या बदल्यांची चर्चा रोज कानावर येते अशा पोलिसांची उलटतपासणी आमदाराने घ्यावी हे आम्हाला पटत नाही. त्याने तिथले वकीलपत्र सोडावे. पडलेल्यालाही कामे असतात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते असतील तर अनामत परत मागायची. निवडणूक याचिका करायची असेल तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, २,००० रुपये भरून, आणि प्रत्येक प्रत खरी असल्याचे याचिकाकर्त्याने स्वतःच्या सहीने लिहून. २०२४ च्या निकालासाठी तो शेवटचा दिवस ७ जानेवारी २०२५ होता. उशीर माफीचा अर्ज इथे चालत नाही.

आणि खर्चाचा हिशेब. तो निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही. न दिल्यास तीन वर्षांसाठी अपात्रता येऊ शकते. पराभवानंतर कार्यालय रिकामे होते, मांडववाल्याचे शेवटचे बिल यायचे असते, बँकेचा उतारा लागतो, उमेदवाराला कुणाला भेटावेसे वाटत नाही. त्या दिवसांत निवडणूक प्रतिनिधीने नोंदवही घेऊन त्याच्या घरी जावे, गोषवाऱ्याच्या प्रत्येक पानावर सही घ्यावी, शपथपत्र नोटरी करावे, आणि जिल्ह्याला स्वतः जाऊन शिक्क्याची पोच आणावी.